तुम्ही विचारलंत म्हणून: खडकात फेस कशाला?

"साबणाने तेलकट कढई निघते, तसंच जमिनीखालचं तेल धुऊन काढता ना?" तेलसाठ्याच्या खडकांवर प्रयोग करते म्हटलं की लग्नात, रेल्वेत, कुठेही हाच प्रश्न येतो. तर, नाही. आमचा फेस मुख्यतः धुवायला नसतोच. तो वाट अडवायला असतो.

तेलसाठा म्हणजे पाताळातलं तळं नव्हे. वाळूच्या किंवा चुन्याच्या खडकातल्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. स्वतःच्या दाबाने येतं तेवढं आलं की पाणी ढकलायचं, वायू ढकलायचा. तरी बहुतेक ठिकाणी निम्म्याहून अधिक तेल खालीच राहतं. वायू हलका आणि पातळ. तो सगळ्यांत मोकळा थर शोधतो, नाहीतर वरच्या अंगाने सरकतो आणि तडक उत्पादन विहिरीत निघतो. मधलं तेल जागचं हलत नाही.

पाण्यात सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं फेस करणारं रसायन, असेल तर वायू येताच छिद्राछिद्रांत पातळ पडदे धरतात. हाच आमचा फेस. प्रत्येक पडदा पुढे ढकलायला जोर लागतो, म्हणून तोच वायू दाट असल्यासारखा वागतो आणि अस्पर्श राहिलेल्या भागाकडे वळतो.

तेल लागलं की मात्र बहुतेक फेस मोडतो. ऐकणाऱ्याला ही खोट वाटते. मला तीच त्याची करामत वाटते: तेल निघून गेलेल्या वाटेवर फेस टिकतो, तेल असलेल्या ठिकाणी मोडून वायूला आत जाऊ देतो. प्रयोगशाळेत खडकाच्या नळकांडीवर दाबाचा काटा हळूहळू चढू लागला, म्हणजे आत फेस धरला, की अजूनही माझा श्वास अडकतो.

हे प्रयोगशाळेपुरतं नाही. नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रातल्या स्नॉरे तेलक्षेत्रात 1990च्या दशकाच्या अखेरीस अल्फा ओलेफिन सल्फोनेट हे सर्फॅक्टंट सुमारे 2000 टन वापरलं गेलं. पश्चिमेकडच्या भागात वायूची घुसखोरी कमी झाली.

"मग मुंबई हायला हेच चालेल?" हा पुढचा प्रश्न. स्नॉरेचा खडक वालुकाश्म, मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीत. चुनखडीवर बऱ्याचदा धन विद्युतभार असतो आणि सल्फोनेटवर ऋण, त्यामुळे रसायन खडकालाच चिकटून वाया जाण्याची भीती. म्हणून आधी त्याच खडकाचा तुकडा, त्याच तापमानाला, तिथल्याच खाऱ्या पाण्यात तपासायचा. माझे दिवस त्यातच जातात.