माडीवरच्या बाईचं जेवण

"मग त्या माडीवरच्या बाईला जेवायला कोण द्यायचं गं?"

मेथी निवडता निवडता काकूंनी विचारलं आणि मी गप्पच झाले.

सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, 'जेन एअर' पुन्हा आणली होती. (कादंबरी १८४७ची, आपलं वाचनालय १८४०चं. म्हणजे सावाना थोरलं!) पंचवटीत काकूंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, गोष्ट सांग. सांगितली. जेन आणि रॉचेस्टरचं लग्न ऐन चर्चमध्ये मोडतं, कारण त्याची पहिली बायको जिवंत आहे, वेडी म्हणून वरच्या मजल्यावर कोंडलेली. जेनचं प्रेम तसूभरही कमी होत नाही, तरी ती पहाटे एकटी घर सोडते. इथे माझा आवाज जरा कापलाच.

आणि काकूंना काळजी जेवणाची!

आहे तशी एकजण, ग्रेस पूल. पगारी. तीनदा वाचूनही मी तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. कर्तव्य म्हटलं की मला पहाटे निघून जाणारीच दिसते, ताट घेऊन रोज जिना चढणारी नाही.

काकूंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं ११ वर्षं केलं. जेनचं जाणं त्यांना पटलं, "बरं केलं पोरीनं." पण ग्रेसला सुट्टी असायची का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

शेवटी ग्रेसचा डोळा लागतो, बाई बाहेर पडते आणि घर पेटतं.

"प्यायलेली होती हो ती," मी म्हटलं.

काकूंनी काड्या सुपात टाकल्या. "दमली असेल."