दाखल्यातला रिकामा रकाना

रविवार, रात्र. पाऊस धरून आहे.

लग्नाविना बाप झालेल्याला मुलाचा ताबा मिळतो का, हा प्रश्न बहुतेक जण भांडण पेटल्यावर विचारतात. तोवर उशीर झालेला असतो. ताब्याची पहिली पायरी कोर्ट नाही, जन्मदाखला. त्यात बापाचा रकाना रिकामा राहिला की पुढचं सगळं जड जातं.

गोव्यात हा रकाना एका वेगळ्याच कारणाने रिकामा राहतो. इथे धर्म कुठलाही असो, कुटुंबाच्या बाबतीत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडे सहसा लग्नाच्या दोन सह्या लागतात. पहिल्या सहीनंतर हरकतींसाठी मुदत, मग दुसरी सही. देवळात मंगळसूत्र बांधलं, हॉलमध्ये जेवणावळी उठल्या आणि दुसरी सही राहून गेली, तर लग्न झालेलंच नाही. चारचौघांत नवरा म्हणून वावरणारा माणूस कागदावर अविवाहित बाप ठरतो. हे वाचून कुणी आपले कागद तपासले तरी पुष्कळ.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. बापाने त्याच वेळी पितृत्व कबूल करावं. ते राहिलं तर सब-रजिस्ट्रारसमोर रीतसर दस्त करता येतो, मृत्युपत्रातही कबुली देता येते. शंभराच्या स्टॅम्प पेपरवरचं घरगुती प्रतिज्ञापत्र यांत बसत नाही, आणि लोक नेमके त्यावरच विसंबतात. रीतसर कबुली मिळालेल्या मुलाला बापाचं आडनाव, पोटगी आणि वारसाहक्क मिळतो. म्हणजे ही सही बापाइतकीच मुलासाठीही असते. नंतर डीएनए करू, असं म्हणून थांबू नये. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पितृत्वासाठी रक्तचाचणीचा आदेश सरसकट देता येत नाही.

पितृत्व सिद्ध झालं म्हणजे ताबा मिळाला, असंही नाही. न्यायाधीश मुलाचं हित बघतो आणि अंगावरचं मूल सहसा आईकडेच राहतं. २०१५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला पालकत्वासाठी अर्ज करताना बापाला नोटीस देण्याची सक्ती काढून टाकली. माझ्या मते ते योग्यच होतं. जो बाप फिरकलाच नाही, त्याच्यासाठी आईने का थांबावं? पण रोज डबा भरणाऱ्या, लसीच्या तारखा सांभाळणाऱ्या बापाने मग आपला वावर दाखवायला हवा. शाळेच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याची बिलं, बँकेतून पाठवलेले पैसे, हे सगळं तारखेनिशी जपून ठेवावं. हातात रोख दिलेल्या पैशाचा माग राहत नाही. पोटगी थकवू नये. आणि मूल उचलून आणण्याची चूक कधीही करू नये. आई हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, घेऊन थेट पर्वरीला हायकोर्टात जाऊ शकते आणि पुढच्या अर्जावर तो डाग राहतो.

मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करताना आधी भेटीचे हक्क मागावेत, तेही नेमके. ‘वेळोवेळी भेट’ असा आदेश मिळाला की दर खेपेला नवं भांडण. शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, गणेश चवथीचा एक दिवस, मे महिन्याच्या सुट्टीतला एक आठवडा, मुलाला कुठून न्यायचं, कुठे आणून सोडायचं, आणि ताप असला तर बदली दिवस कोणता.