आज देगानिया पाहिलं

गॅलिली सरोवरातून जॉर्डन नदी बाहेर पडते, त्याच्या जवळच हे गाव. इस्रायलमधला पहिला किबुत्झ, म्हणजे सामायिक मालकीची शेतीवस्ती. १९१० मध्ये दहा पुरुष आणि दोन स्त्रियांनी सुरू केलेला. आवारातल्या जुन्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत, आणि १९४८ च्या लढाईत अडवलेला सीरियन रणगाडाही.

राबायचं सगळ्यांनी, कमाई एका खात्यात, पगार कुणालाच नाही. जेवण, धुणं सगळं सामायिक. हे वाचलं होतं, पण प्रत्यक्ष तिथे उभं राहिल्यावर छाती दडपते. बऱ्याच किबुत्झांत तर मुलं रात्री आईबापांकडे नाही, बालगृहात झोपायची. ते मात्र मला आजही पटत नाही. दिवसभर रानात राबून आलेल्या आईला लेकरू कुशीत घ्यायची मुभा नको?

१९८०च्या दशकात कर्जांनी अनेक किबुत्झ बेजार झाले. पुढे बहुतेकांनी कामाप्रमाणे पगार सुरू केला. देगानियानेही २००७ मध्ये तेच केलं. वाईट वाटलं, पण दोष देववत नाही. पिढ्यान्‌पिढ्या इतकं सगळं वाटून जगणं सोपं नव्हतं.

आणि हो, आपल्या द्राक्षबागांतून फिरणाऱ्या ठिबकच्या नळ्या! तो धंदा १९६५ मध्ये नेगेव वाळवंटातल्या हात्झेरीम किबुत्झने उभा केला. नाशिक-सांगलीकडच्या मित्रांनो, संधी मिळाली तर इथे जरूर या.