अण्णांच्या वारीचा आराखडा

मी फिजिओथेरपिस्ट. नव्या पेशंटला पहिल्याच भेटीत विचारते, तुम्हाला नक्की काय करता यायला हवंय? अर्धांगवायूच्या पेशंटचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "पहिल्यासारखं व्हायचंय." ते अगदी मनापासून आलेलं असतं, पण त्यावरून उद्या सकाळी उठून काय करायचं हे काही ठरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये फलटणला माझ्याकडे आलेल्या अण्णांनी मात्र क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "आळंदी ते पंढरपूर. पायी. यंदाच्या आषाढीला."

अण्णा जवळच्याच एका खेड्यातले शेतकरी. वय चौसष्ट, गळ्यात तुळशीची माळ, दिंडीतले जुने टाळकरी. करोनाची दोन वर्षं सोडली तर वारी कधी चुकली नव्हती. दिवाळीच्या सुमारास मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उजवी बाजू गेली. माझ्याकडे आले तेव्हा काठी टेकत चालत होते. उजवा पंजा वर उचलला जात नव्हता, म्हणून पाय बाहेरून गोल फिरवून पुढे टाकायचे. हाताची मूठ वळायची, पण उघडायची नाही.

त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, वारीचं तेवढं डोक्यातून काढा त्यांच्या. गाडीनं दर्शन घडवून आणतो की मी. तुमचं ऐकतील ते." त्याची भीती खोटी नव्हती. झटक्यानंतर पडून खुब्याचं हाड मोडलेले पेशंट मी पाहिलेत. तरी मी ते सांगायला तयार झाले नाही. ज्याच्या इच्छेला ठिकाण आहे, तिथी आहे आणि अंतरही आहे, त्याचं निम्मं काम झालेलं असतं. ते पुसून फाईलवर 'चालण्यात सुधारणा' असं मोघम लिहिणं मला पटत नाही. आणि "होईल, होईल" म्हणून धीर देणं तर त्याहून पटत नाही.

मी फरशीवर खडूनं दहा मीटर आखले आणि अण्णांना चालायला लावलं. पंचवीस सेकंद लागले. मग कागद घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि हिशेब मांडला. या चालीनं ताशी दीड किलोमीटरसुद्धा होत नाही. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट. म्हणजे कुठंही न थांबता वीस तासांच्या वर. अण्णांचा आयुष्यभराचा व्यवहार शेतीचा. पाणी किती, क्षेत्र किती, हे त्यांना कुणी शिकवायला नको. कागदाकडे पाहत ते बराच वेळ गप्प बसले. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. शेवटी अण्णा म्हणाले, "म्हंजे यंदा न्हाई."

"आळंदीपासून यंदा नाही," मी म्हटलं. "पण अण्णा, वारीतलं काय केलं म्हणजे तुम्हाला वारी केल्यासारखं वाटेल? गाडीनं दर्शन?"

"गाडीनं दर्शन हुतं. वारी न्हाई हुत." आणि मग, थोड्या वेळानं, "टाळ हातात असावा, दिंडी सोबत असावी, आन् पंढरपुरात पायी शिरावं."

अडीचशे किलोमीटरांचं ओझं त्या एका वाक्यात उतरलं. पालखी दशमीला वाखरीहून निघून पंढरपुरात येते. ते अंतर सहाएक किलोमीटर. वाटेत इसबावीचा विसावा, तिथून पुढे गाव जवळच. आम्ही ठरवलं की ध्येय इसबावीपासून पुढचं, शेवटच्या दोनेक किलोमीटरांचं. आषाढ शुद्ध दशमी, १६ जुलै. अक्षय्य तृतीयेपर्यंत एका दमात तीन किलोमीटर जमले, तरच वाखरीपासून चालायचं. ही अट कागदावर लिहिली आणि मुलाला सही करायला लावली. तो हसला, पण सही केली.

मग दशमीपासून मागे मागे येत टप्पे पाडले. तारखा अण्णांनीच दिल्या, तिथीनुसार. महाशिवरात्रीपर्यंत घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत रोज, सोबत कुणीतरी असताना. पाडव्यापर्यंत पंजा उचलून धरणारा पट्टा घालून अर्धा किलोमीटर. अक्षय्य तृतीयेपर्यंत डांबरी सोडून मुरमाच्या रस्त्यावर. ज्येष्ठात आठवडे बाजारात, गर्दीत. गर्दीचा सराव वेगळा करावा लागतो हे घरच्यांना नवीन होतं. मोकळ्या अंगणात चालणारा माणूस मागून हलका धक्का बसला तरी कोलमडू शकतो.

बोलताना चालणं थांबतं का, हे मी नेहमी बघते. अण्णांचं थांबायचं. अभंगाचा पहिला शब्द तोंडातून आला की पाय जागच्या जागी. मेंदूला दोन्ही कामं एकदम झेपत नव्हती, आणि दिंडीत तर गातच चालायचं असतं. पण ठेका मात्र त्यांच्या बाजूचा होता. "ज्ञानोबा माउली तुकाराम" या लयीवर पाऊल टाकलं की पावलं सारखी पडायची. तालाच्या आधारानं चाल सुधारते हे आमच्या शास्त्रात माहीत आहे, पण इतकी जुनी, अंगात मुरलेली लय मी दुसऱ्या कुठल्या पेशंटकडे पाहिली नव्हती. आधी मी म्हणायचे आणि ते चालायचे, मग ते पुटपुटायचे, मग मोठ्यानं.

हाताचंही तसंच. झटक्यानंतर पकड आधी येते, सोडणं फार उशिरा. म्हणून मूठ उघडायची वाट न बघता टाळाची एक वाटी त्या हातात दोरीसकट बसवली. ती स्थिर धरायची आणि डाव्या हातानं वाजवायचं. पहिल्या दिवशी नाद बोदा आला, वाटी तिरकी होत होती. आम्ही दोरीला कापड गुंडाळून ती जाड केली, तेव्हा वाटी बोटांत नीट बसली.

आराखड्यात वाईट दिवसांसाठीही जागा ठेवली होती, आणि माझ्या मते तोच त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर रक्तदाब असेल त्या दिवशी चालायचं नाही. सलग काही दिवस चुकले तर राहिलेलं भरून काढायला दुप्पट चालायचं नाही, एक टप्पा मागे जाऊन पुन्हा सुरू करायचं. एप्रिलमध्ये घरात लग्न निघालं, त्यात ऊन, आणि आठवडा हातचा गेला. आधी ठरलेलं असल्यामुळे कुणी खचलं नाही, कुणी कुणाला बोललंही नाही. पहाटे पाचला चालणं पुन्हा सुरू झालं.

अक्षय्य तृतीयेला दहा मीटरला चौदा सेकंद लागले. एका दमात जेमतेम दोन किलोमीटर. अण्णा माझ्याशी भांडले. "धा मिनटं बसलो तर हुतील की तीन!" मी सही केलेला कागद पुढे ठेवला. दोन दिवस ते बोलले नाहीत, पण आले मात्र वेळेवर.

दशमीच्या दिवशी ते इसबावीपासून दिंडीत शिरले. रांगेच्या कडेला, उजव्या अंगाला पुतण्या, मागे पाण्याची बाटली घेऊन मुलगा. मी फलटणलाच होते. संध्याकाळी मुलाचा फोन आला. वाटेत चारदा थांबावं लागलं, एकदा तोल गेला तो पुतण्यानं सावरला, टाळ दोनदा सुटला. पण गावात पायी शिरले. एकादशीला दर्शनाच्या रांगेत न जाता कळसाचं दर्शन घेतलं, हेही आधीच ठरलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात अण्णा नवा कागद घेऊनच आले. कार्तिकीला वाखरीपासून, असं त्यांनी स्वतःच मुलाकडून लिहून घेतलं होतं. खाली टप्पे होते, नागपंचमी, पोळा, दसरा. पोळ्यापुढे लिहिलं होतं, 'पट्टा न घालता'. ते मी खोडलं. पंजाची ताकद अजून तेवढी नाही, पट्टा कार्तिकीलाही लागणार. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या, पेन मागितलं आणि त्या जागी लिहायला लावलं, 'नदीच्या घाटाच्या पायऱ्या'. पायऱ्यांचं आम्ही त्याच दिवशी सुरू केलं.