माळ्यावरचा सर्व्हर, भाग ३: ग्रबने दोन रविवार खाल्ले

मागच्या वेळी लिहिलं होतं की डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून १ टीबीच्या दोन डिस्कवर रेड-१ (दोन्हींवर तोच डेटा, एक गेली तरी दुसरी आहे) केलंय, आता निवांत. निवांत वगैरे काही नाही. गेल्या रविवारी सर्व्हर बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढली, म्हटलं बघू रेड खरंच वाचवतंय का, आणि चालू केला तर नुसतंच बूट डिव्हाइस सापडत नाही. घरचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) पण याच डब्यावर, त्यामुळे खालून "नेट का गेलं" चालू, आणि मी मॉनिटर काखेत धरून शिडीवर.

कारण कळल्यावर स्वतःचाच राग आला. रेड मी पार्टिशनचं (डिस्कच्या एका भागाचं) केलंय, आख्ख्या डिस्कचं नाही. ग्रब म्हणजे मशीन चालू झाल्यावर लिनक्स लोड करणारा प्रोग्राम. त्याचा पहिला तुकडा एमबीआरमध्ये, म्हणजे डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बसतो, ५१२ बाइटच्या त्या सेक्टरमधले जेमतेम ४४६ बाइट बूट कोडला मिळतात, आणि कोअर इमेज (ग्रबचा मुख्य भाग) त्याच्या मागे, पहिलं पार्टिशन सुरू व्हायच्या आधीच्या मोकळ्या जागेत. दोन्ही जागा पार्टिशनच्या बाहेर, मग त्यांची कॉपी दुसरीकडे जाणार कशी! इन्स्टॉलरने ग्रब कुठे टाकू विचारलं तेव्हा मी पहिली डिस्क निवडून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल मारलं की काम होतं, पण तेवढ्यावर थांबू नका. डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी (ग्रबच्या पॅकेजचे प्रश्न परत विचारणारी कमांड) चालवून यादीत दोन्ही डिस्कवर टिक करा, नाहीतर उद्या पॅकेज अपडेट झालं की ग्रबचे मॉड्यूल (नंतर लोड होणारे तुकडे) नवे आणि दुसऱ्या डिस्कवरचा कोअर जुना, मग त्यांचं पटलं नाही की थेट रेस्क्यू प्रॉम्प्ट, म्हणजे बूट अडकून ग्रब कमांडची वाट बघत बसणार. (यूईएफआयवाल्यांनो, म्हणजे नव्या पद्धतीने बूट होणाऱ्या मशीनवाल्यांनो, तुमची ईएसपीची, म्हणजे वेगळ्या बूट पार्टिशनची, डोकेदुखी वेगळी, त्यात मी पडत नाही.)

परत मॉनिटर वर न्यायचा नव्हता म्हणून दुसरा रविवार सिरियल कन्सोलवर, म्हणजे केबल लावून सर्व्हरचा मजकूर लॅपटॉपवर बघायची सोय. डिफॉल्ट ग्रबच्या फाइलमध्ये टर्मिनलला सिरियल लिहिलं, अपडेट-ग्रब मारलं (हे विसरून अर्धा तास डोकं खाजवलंय, खोटं कशाला बोलू), तर लॅपटॉपवर नुसता कचरा. सिरियलच्या ओळीत स्पीडच दिला नव्हता, ग्रब ९६०० वर आणि मी ११५२०० वर. ते जमलं, मेनू दिसला, एंटर मारलं आणि पुढे शुकशुकाट, कारण कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ग्रबचं सेटिंग कळत नाही, त्याच्या कमांड लाइनमध्ये कन्सोल वेगळा द्यावा लागतो. दोन कन्सोल देणार असाल तर जो शेवटी लिहाल तो मुख्य धरला जातो, म्हणून टीटीवाय० (मॉनिटर) आधी, टीटीवायएस० (सिरियल) नंतर.

काल परत पहिली डिस्क काढून चालू केला. या वेळी मेनू आला, थोडं थांबून सिस्टम पण आली, एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) एक यू (चालू डिस्क) आणि एक अंडरस्कोर (गायब डिस्क). बंद करून डिस्क जोडली, री-ॲड केलं, बिटमॅप (कुठला भाग बदलला याची नोंद) असल्यामुळे सिंक दोनेक मिनिटांत उरकलं. आता दुसरी डिस्क काढून बघायची राहिलीये, ते घरी कोणी नसताना.