किड्यांचा मॅक्रो : फोकस रिंगला हात लावू नका

मॅक्रो म्हणजे अगदी जवळून मोठे फोटो काढणं, ते सुरू केलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न सेटिंगचाच असतो, तर ती आधी सांगून टाकते. मॅन्युअल मोड, शटर १/२००, अपर्चर एफ ११, आयएसओ २०० आणि फ्लॅश १/१६ पॉवरला. चतुर असो की मुंगी, यात फार काही बदलत नाही. खरं काम पुढे आहे.

१:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तिथे गेलात, की शार्प भाग जेमतेम एक मिलिमीटर मिळतो, क्रॉप (लहान) सेन्सरवर त्याहूनही कमी. साधी घरमाशी सहा-सात मिलिमीटरची, म्हणजे डोळा शार्प आला तर पंख गेले. मग शार्प भाग वाढावा म्हणून लोक लेन्सचं छिद्र बारीक करून एफ २२ करतात आणि अख्खा फोटोच मऊ होतो, कारण १:१ ला लेन्सचं एफ ११ हे प्रत्यक्षात एफ २२ सारखं वागत असतं, तिथे अजून बंद केलं की डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं, सगळे बारीक केस, डोळ्यातली जाळी खाऊन टाकतं. मी एफ ११ च्या पुढे जातच नाही.

आता फोकस. ऑटोफोकस बंद. रिंग फिरवून हवं तेवढं मॅग्निफिकेशन ठरवायचं आणि मग रिंग विसरायची, फोकस आणायचा तो स्वतः पुढेमागे झुलून, तेही अगदी तांदळाच्या दाण्याएवढं. कोपरं गुडघ्यावर टेकवा, डाव्या हाताच्या दोन बोटात गवताची ती काडी हलकेच धरा आणि लेन्स त्याच हातावर टेकवा. ही युक्ती सोन्यासारखी आहे, कारण वारा आला की काडी, हात आणि लेन्स तिन्ही एकत्र हलतात आणि अंतर तेवढंच राहतं. श्वास सोडत हळूच पुढे जायचं, व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यावरची षटकोनी जाळी चमकून दिसली की त्या क्षणी क्लिक.

आणि तो एक मिलिमीटर कुठे खर्च करायचा हे आधी ठरवा. चतुर बाजूने घेताय तर सेन्सर त्याच्या अंगाला एकदम समांतर ठेवा, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकाच फ्रेममध्ये शार्प येतो. समोरून घेतलात तर फक्त डोळे धरा, बाकी जाऊ द्या, डोळे सुटले तर तो फोटो मी ठेवत नाही.

लाइटबद्दल एवढंच, की कमी पॉवरला फ्लॅश सेकंदाच्या काही हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ जळतो, त्यामुळे हालचाल गोठवायचं काम शटर नाही तर फ्लॅश करतो. पण नुसता फ्लॅश मारला तर ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा ठिपका जळून बसतो. बटर पेपरचे दोन थर लावून मोठा डिफ्यूझर करा आणि तो किड्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या.

महागडी लेन्स नसेल तरी अडत नाही. किटमधल्या ५५-२५० वर रेनॉक्स डीसीआर-२५० ही पुढे बसणारी क्लोजअप लेन्स लावली की २५० ला साधारण २:१, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट, मिळतं, किडा फक्त लेन्सपासून साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास हवा. त्या मॅग्निफिकेशनला शार्प भाग अजून बारीक होतो एवढं लक्षात असू द्या.

नाशिककरांना जागा शोधायला लांब जायची गरजच नाही. पाऊस सरला की गंगापूर धरणाच्या काठचं गवत, पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान, अंजनेरीची वाट. द्राक्षबागेत औषधांची फवारणी चालते म्हणून आत शिरण्यापेक्षा बांधावरचा टाकळा आणि दगडीपाला बघा. थंडीत उजाडायच्या आधी पोचलात तर चतुर दवाने भिजून गार पडलेले असतात, अंगात ऊन शिरेपर्यंत उडू शकत नाहीत, तेव्हा थोडं थोडं पुढे सरकत दहा-पंधरा फ्रेम घ्या आणि घरी हेलिकॉन किंवा झेरीन या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा, म्हणजे सगळ्या फ्रेममधले शार्प भाग जोडून एक फोटो करा.

किडा फ्रीजमध्ये गार करून किंवा काडीला चिकटवून फोटो काढणारेही असतात. कृपा करून हे करू नका. पहाटेच्या थंडीत तो आपणहून शांत बसलेला असतो, फक्त त्या काडीला लागलेला हात सोडताना हळू सोडा, नाहीतर दव झटकलं जातं आणि तो खाली पडतो.