लिंबू वार चुकवत नाही

शुक्रवार, रात्री उशिरा

सरकारी शिवजयंती फेब्रुवारीत होऊन गेली, तरी आमच्या कोल्हापूरच्या पेठेत खरी जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेचीच. हलगी-घुमकं लागलं, गर्दीत गोल मोकळा झाला आणि पोरांनी मर्दानी खेळ, म्हणजे जुन्या हत्यारांचे खेळ, सुरू केले. आधी लाठी, मग विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, शेवटी दांडपट्टा, हातात चढवायची लांब पात्याची तलवार. एका पोरीनं भावाच्या तळहातावरचं लिंबू असं चिरलं की दोन्ही फोडी जागेवरच राहिल्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मोबाईलही वर धरला.

पोरगी चपळ होती, पवित्रा देखणा होता, त्याबद्दल वादच नाही. पण एवढ्या वेळात कुणी कुणाशी लढलं मात्र नाही. सगळे हात ठरलेले. लिंबू काही वार चुकवत नाही, उलटा वारही करत नाही.

मर्दानी खेळ मागं पडले म्हटलं की आपण लगेच म्हणतो, लोकांना आस्था राहिली नाही. आस्था तर उतू चाललीय! २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. प्रतापगडावर जिवा महालानं सय्यद बंडाला कसा आडवा केला, हे शेंबडं पोरगंही सांगतं. नऊवारी नेसून पट्टा फिरवणाऱ्या पोरींच्या रील्स तर रोज दिसतात. नाहीसा झालाय तो समोर उभा राहणारा गडी.

पट्टा हातात घेतला की हे जास्त कळतं. मुठीवरच्या लोखंडी खोबळ्यात हात पार कोपरापर्यंत जातो. मनगट वळायला जागाच नाही, म्हणून वार खांद्यातनं आणि कमरेतनं काढावा लागतो. पातं लांब आणि लवचिक, एकदा सुटलं की मधेच थोपवणं कठीण. हे हत्यार असं का घडवलं, ते समोर माणूस असल्याशिवाय उमगत नाही. फरी-गदका होता तो त्यासाठीच. एका हातात लहान ढाल, दुसऱ्या हातात चामड्यानं मढवलेली काठी, आणि समोर जोडीदार. तलवारीची नजर तयार व्हावी पण डोकं फुटू नये, अशी सोय. आता तोही बहुतेक ठिकाणी ठरवून, तालावर खेळतात.

१८५७ नंतर इंग्रजांनी हत्यारं काढून घेतली, १८७८ च्या कायद्यानं परवाना लावला, तलवारीवर पोट भरायचे दिवस गेले. ते कुणाच्या हातात नव्हतं. पुढं व्यायामशाळांनी ही विद्या सांभाळली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं, याचा अभिमान आहेच. पण तेही दाखवणंच होतं. आपण अजून दाखवतोच आहोत.

रविवार

दुपारी शाहू स्टेडियमवर मॅच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल: सगळ्यांच्या नावात तालीम आणि पायात फुटबॉल. बाहेरच्या पाहुण्याला हे समजावताना नेहमीच माझी पंचाईत होते. पण पेठेला पेठ भिडते, हरलं तर आठवडाभर तोंड लपवावं लागतं, म्हणून पोरं पहाटे उठून पळतात. पट्टा शिकणाऱ्या पोराला हरायचीच सोय नाही, मग तो पहाटे कशाला उठेल?

पंजाबनं गटक्याला, म्हणजे शिखांच्या लाठी-तलवारीच्या खेळाला, गुण दिले, पंच दिले, स्पर्धा भरवल्या. २०२२ मध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत गटका होता, मणिपूरचा थांग-टा होता, केरळचं कळरीपयट्टू होतं. आपला मल्लखांबही होता. मर्दानी खेळ नव्हते.

संध्याकाळी तालमीत वस्तादांना हे सांगितलं. लाठ्यांना तेल लावत बसले होते.

"गुण आले की नजाकत जाती," ते म्हणाले. "पोरं नुसती टोचायला बघत्यात."

त्यांचं खोटं नाही. कुस्तीचंच बघा. मातीत पाठ लागल्याशिवाय निकाल नसे, मॅटवर तीन-तीन मिनिटांत गुण मोजून मोकळे. जुन्या माणसांना ते अजून पचत नाही. पण मातीत तयार झालेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला मॅटवरच लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. थोडी नजाकत गेली तरी चालेल, असं माझं मत आहे. नजाकत सांभाळायला आधी पोरं तर हवीत. सुट्टीच्या शिबिराला भरपूर येतात, जूनमध्ये शाळा सुरू झाली की तालीम रिकामी.

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फरी-गदक्याच्या जोड्या लावू. शेजारच्या तालमीला सांगावा धाडतो. हेल्मेटचं तेवढं तुम्ही बघा."

"आणि पंच कोण? त्यांचा की आपला? यावरनं भांडणं होतील, वस्ताद."

"होऊ देत की," ते म्हणाले आणि पुढची लाठी उचलली.

हेल्मेटचे भाव उद्या काढतो. क्रिकेटची चालतील का, तेही विचारायला हवं.